अक्षरे मोजली, वजन राहिले

माझ्या हातून लिहिले गेलेले आणि चार लोकांसमोर गायले गेलेले पहिले गीत म्हणजे एक मंगलाष्टक. मामेबहिणीच्या मुलीचे लग्न होते, कराडजवळच्या एका कार्यालयात, वैशाखातल्या भर दुपारच्या मुहूर्तावर. आणि "तू कविता करतेस ना, मग आपल्या घरचं एक मंगलाष्टक होऊन जाऊ दे," असे बहिणीने महिनाभर आधीच फर्मावले होते. चाळिशी ओलांडलेली, पंचायत समितीच्या कार्यालयात दिवसभर टिपण्या लिहिणारी आणि रात्री डायरीत मुक्तछंदातल्या कविता उतरवणारी मी त्या सांगण्याने सुखावले. मंगलाष्टकाची चाल लहानपणापासून कानात होती, आणि शार्दूलविक्रीडित वृत्तात एका ओळीला १९ अक्षरे असतात एवढे शाळेतले आठवत होते. तेवढ्या भांडवलावर मी चार ओळी जुळवल्या, बोटांवर अक्षरे मोजली, लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्या सुवाच्य अक्षरात लिहिल्या आणि गुरुजींच्या हाती दिल्या.

पहिली ओळ अशी होती: 'आज या शुभ मंडपात जमले, सारे सगेसोयरे.' अक्षरे बरोबर १९. बाराव्या अक्षरावर जो विराम यायला हवा तोही नेमका 'जमले' या शब्दापाशी आला होता, अर्थात नशिबाने. गुरुजींनी ध्वनिक्षेपकासमोर कागद धरला, खडा आवाज लावला आणि दुसऱ्याच अक्षराला ते अडखळले. शार्दूलविक्रीडिताची पहिली तिन्ही अक्षरे गुरू लागतात, म्हणजे प्रत्येकी दोन मात्रांची. 'स्वस्ति श्री गणनायकं' म्हणताना 'स्व' आणि 'स्ति' ही अक्षरे तशी ऱ्हस्वच, पण पुढच्या जोडाक्षराचा भार पडून ती गुरू होतात आणि आवाज त्यांच्यावर निवांत टेकतो. माझ्या ओळीत दुसऱ्या जागी 'आज'मधला 'ज' होता, तो लघू. गुरुजींची सारी हयात त्या चालीत गेलेली असल्यामुळे त्यांचा गळा वृत्त काही सोडेना. त्याने 'ज'लाच ओढून दीर्घ केले, आणि मुठीत अक्षता धरून उभ्या असलेल्या सगळ्या मांडवाला स्वच्छ ऐकू आले: 'आजाऽ या शुभ मंडपात'. पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेले नवऱ्या मुलाचे आजोबा, आपल्यालाच बोलावणे आले असे समजून, काठी टेकवत उठू लागले. त्यांना दोघांनी धरून पुन्हा खाली बसवले तोवर कडवे संपले होते आणि अक्षता पडल्या होत्या.

पंगतीत मी मुद्दाम गुरुजींच्या शेजारचे पान गाठले. ते रागावलेले नव्हते. "ताई, अक्षरं मोजलीत, वजन नाही केलंत," एवढेच म्हणाले. मी घाईने सुचवले की 'आज'च्या जागी 'आजी' घालू या, संतांच्या बोलीत 'आजि' म्हणजे आजच की. गुरुजींनी मठ्ठ्याचा पेला खाली ठेवला आणि पलीकडच्या रांगेत जिलेबी मोडत बसलेल्या नवऱ्या मुलाच्या आजीबाईंकडे हळूच पाहिले. मग म्हणाले, "त्यापेक्षा 'येथे' घाला. 'येथे या शुभ मंडपात.' दोन्ही गुरू, आणि उठायचंही कुणाला कारण नाही."

त्या दिवसापर्यंत माझी अशी ठाम समजूत होती की गीत म्हणजे सोपी कविता. ज्याला कविता जमते त्याला गीत जमणारच, किंबहुना कवितेतला अवघड भाग गाळला की उरते ते गीत. ही समजूत माझी एकटीची नव्हती. आपल्याकडच्या साहित्याच्या बैठकींत 'कवी' हा शब्द एका सुरात उच्चारला जातो आणि 'गीतकार' हा दुसऱ्या, किंचित खालच्या सुरात. 'तसे ते गीतकारच' हे वाक्य मी स्वतः निदान दोनदा तरी बोलले असेन. तालुक्याच्या कविसंमेलनांत मी ज्या कविता वाचत असे त्यांत ओळी कुठे तोडायच्या हे माझे डोळे ठरवत. पानावर एकच शब्द एकटा ठेवला की तो गंभीर दिसतो, हे मला कळले होते. गाण्यात पान नसते. ऐकणाऱ्याला ओळ मागे जाऊन पुन्हा वाचता येत नाही, स्वल्पविराम दिसत नाही, शब्द कुठे संपला आणि पुढचा कुठे सुरू झाला हेही गाणाऱ्याच्या श्वासावरच कळते, आणि मी तर आजवर कोणाच्या श्वासासाठी एक ओळही लिहिलेली नव्हती.

लग्नाहून परतल्यावर मी कपाटाच्या वरच्या खणातले, वडिलांनी जपलेले संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांचे गाठोडे काढले. ती पुस्तके मी लहानपणी नुसती चाळली होती. आता एक गोष्ट प्रथमच नीट पाहिली: जवळजवळ प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात 'चाल' दिलेली असते, अमुक पदाची, तमुक लावणीची. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले तेव्हा साकी, दिंडी, लावणी, कीर्तनातली पदे यांच्या चाली प्रेक्षकांच्या कानात आधीच मुरलेल्या होत्या, आणि नाटककाराने नवे शब्द त्या ओळखीच्या घरात राहायला पाठवले. पुढे १९१६ सालच्या 'स्वयंवर'साठी भास्करबुवा बखले यांनी रागदारीतल्या चाली दिल्या आणि खाडिलकरांची पदे त्यांवर बसली. म्हणजे ज्या पदांना आपण नाट्यसंगीताचे वैभव म्हणतो त्यांतल्या कितीतरी पदांत चाल आधी होती आणि शब्द नंतर आले. चालीवर शब्द बेतणे हे सिनेमावाल्यांचे हलके काम आहे, असे मानणाऱ्या माझ्यासारखीला हे वाचून थोडे ओशाळायला झाले.

याहून अधिक धीर मला वामनदादा कर्डकांच्या आरंभाने दिला. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा मुलगा मुंबईत मजुरी करत वाढला. अक्षरओळख झाली ती मोठेपणी, आणि जोडाक्षरे पक्की झाली ती रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचून. १९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले ते एका हिंदी गाण्याचे विडंबन होते. आंबेडकरी जलशांचा आणि गायनपार्ट्यांचा आवाज झालेल्या, पुढे हजारो गीते लिहिणाऱ्या या माणसाची पहिली पायरी उसन्या चालीची होती, हे मला फार मोलाचे वाटते. उसन्या चालीत वजनाचा हिशेब आधीच झालेला असतो. नवशिक्याने फक्त त्या मापात धान्य भरायचे, आणि सांडले की कुठे सांडले ते लगेच कळते. मीही मग तेच सुरू केले. माहीत असलेल्या चालींवर मी किराणा मालाची यादी बसवली, कार्यालयातली परिपत्रके बसवली, 'उपरोक्त विषयास अनुसरून' हे शब्द एका भूपाळीवर इतके चपखल बसले की दुसऱ्या दिवशी टिपणी लिहिताना मी ते नकळत गुणगुणले आणि शेजारच्या टेबलावरचे लेखनिक दचकले.

आमच्या गावातल्या भजनी मंडळात पेटी वाजवणारे अण्णा मला या सरावाच्या काळात भेटले, म्हणजे भेटत तर पूर्वीपासून होते, पण मी त्यांच्याकडे काही शिकण्यासारखे आहे या नजरेने पाहिले नव्हते. अण्णा एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांची बोटे जितकी वर्षे तिकिटे फाडत होती तितकीच वर्षे पेटीवर फिरत होती. त्यांनी मला सांगितले की चाल, राग, मुखडा, अंतरा हे सगळे नंतर. आधी सहा महिने अभंगाच्या मापात लिहायचे. मोठ्या अभंगाचे माप सर्वांना ठाऊक असते आणि कोणी ते शिकलेले नसते: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार चरण, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणांत यमक. 'सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया.' यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात जुळते आणि चौथा चरण मोकळा राहतो, लहान होतो, जणू दम लागलेल्या माणसाने वाक्य अर्ध्यावर सोडावे. आमच्या मंडळाच्या चालीत सहा अक्षरांचा चरण आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात बसतो आणि उरलेल्या दोन मात्रांत टाळ बोलतो. "त्या दोन मात्रा टाळकऱ्याच्या आहेत, त्यात तू घुसायचं नाहीस," अशी अण्णांची ताकीद होती. मुक्तछंदातून आलेल्या बाईला दुसऱ्यासाठी जागा सोडायची ही पहिलीच सवय लावली जात होती.

विषयही त्यांनीच दिला: मुक्कामाची गाडी. रात्री शेवटची फेरी घेऊन येणारी, गावातच थांबणारी आणि पहाटे पहिली फेरी होऊन परत तालुक्याला जाणारी एस.टी. ज्यांच्या लहानपणी होती त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या ओसरीवर पथारी टाकत, कोणाच्या तरी घरून पिठले-भाकरी येई, आणि गाडी आली नाही तर शहरात नोकरीला, शिक्षणाला, दवाखान्यात गेलेले माणूस आज येत नाही एवढे गावाला कळत असे. अण्णांनी ती गाडी आतून पाहिलेली होती, मी बाहेरून.

मी उत्साहाने लिहून नेलेली पहिली ओळ होती: 'शेवटची मुक्कामाची एस.टी. अजून का बरे आली नाही गावात?' अण्णांनी ती एकदा वाचली, दुसऱ्यांदा पेटीवर म्हणून पाहिली आणि म्हणाले, "स्टँडिंग फार झालं." मला कळेना. त्यांनी कंडक्टरच्याच भाषेत समजावले: ओळीत जेवढ्या सीट आहेत तेवढेच शब्द बसतात, फार तर दोन उभे राहतात, पण तू टपावरही माणसे चढवली आहेस. 'शेवटची' कशाला, मुक्कामाची गाडी शेवटचीच असते. 'गावात' कशाला, ती दुसरीकडे कुठे येणार? 'का बरे' कोणाला विचारतेस? एकेक शब्द असा खाली उतरवत गेल्यावर जे राहिले ते सहा, सहा, सहा, चार:

गाडी मुक्कामाची
येईना अजून
उभी मी थांबून
फाट्यापाशी

या चार चरणांवर मी अकरा दिवस घालवले, हे लिहायला आज संकोच वाटतो. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांनी पुणे आकाशवाणीसाठी 'गीतरामायण' केले तेव्हा १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर दर आठवड्याला एक नवे गीत जात होते, अशी एकूण ५६ गीते. आणि ती श्रोत्यांच्या कानावर पहिल्यांदा पडत होती ती रेडिओवरून, छापील पान समोर नसताना. एका आठवड्यात लिहून, चाल लागून, बसवून, प्रसारित. त्या मापाने पाहिले तर अकरा दिवसांत माझा रामजन्मही झाला नसता. पण त्या आकड्यातून मी माझ्यापुरता एक व्यवहारी अर्थ काढला: ठरलेला वार असला की लिहिणे पुढे सरकते. मंडळ गुरुवारी बसते. तेव्हापासून दर गुरुवारी, बरे असो वा वाईट, एक कडवे घेऊन जायचे असा मी नेम केला.

दुसऱ्या कडव्याने मला जे शिकवले तेवढे पुढच्या दहांनी शिकवले नाही, म्हणून ते जरा तपशिलाने सांगते. मी लिहिले होते:

ती न आली तर
वाटेवर दिठी
रात मारी मिठी
अंगणाला

माझ्या मते हे फार उत्तम जमले होते. अक्षरे बरोबर, यमक घट्ट, आणि 'दिठी' हा शब्द तर मी कित्येक वर्षे कुठे तरी वापरायचा म्हणून जपून ठेवला होता. मंडळात एक प्राथमिक शाळेच्या शिक्षिका गातात, सगळे त्यांना बाई म्हणतात. त्यांनी ते कडवे अण्णांच्या पेटीवर धरले. पहिला चरण होताच मृदंगावर बसलेल्या म्हाताऱ्या दादांनी हात थांबवून विचारले, "तीन कशाला येतील? एक यायची मारामार." 'ती न आली' हे शब्द गळ्यातून बाहेर पडताना 'तीन आली' झाले होते. कागदावर 'ती' आणि 'न' यांच्यामध्ये जी मोकळी जागा मी सोडली होती ती मला दिसत होती, दादांना ती ऐकू येण्याचे कारणच नव्हते. सगळे हसले, मीही हसले, आणि तिथल्या तिथे ओळ बदलली: 'नाही आली तर.' अक्षरे तीच सहा. बदलल्यावर लक्षात आले की आमच्याकडे कोणीही 'ती न आली तर' असे बोलत नाही. क्रियापदाच्या आधी 'न' ठेवण्याची ही लकब मी पुस्तकांतून उचललेली होती.

मग बाईंनी 'दिठी'ची तक्रार केली. अण्णांची चाल त्या चरणाच्या शेवटी वर चढत होती आणि शेवटचे अक्षर वरच्या षड्जावर थांबवायचे होते. बाई म्हणाल्या, "तिथं 'ठी'वर माझा गळा मिटतो. 'आ' द्या मला, 'आ'वर मी हवं तेवढं थांबते." त्यांनी दोन्ही गाऊन दाखवले. 'ठीऽऽ' करताना आवाज खरेच बारीक आणि ताणलेला येत होता. 'आऽऽ'वर तोच सूर भरून आला. मी आतून चिडले होते, कारण एका स्वरासाठी माझा जपून ठेवलेला शब्द जात होता. चिडूनच घरी गेले आणि पुढच्या गुरुवारी 'वाटेवर डोळा' घेऊन आले. डोळा वाटेकडे लागणे ही आपली रोजच्या बोलण्यातली गोष्ट; दिठी कोणाची कुठे लागलेली मी तरी ऐकलेली नाही. पण 'दिठी' गेली म्हणजे यमकाची 'मिठी'ही गेली, आणि रात्रीने अंगणाला मारलेली ती मिठी, आज निवांतपणे पाहता, फारच नाटकी होती. 'डोळा'ला यमक शोधता शोधता असे झाले:

नाही आली तर
वाटेवर डोळा
रात होई गोळा
अंगणात

रात्र अंगणात गोळा होते, ही प्रतिमा मी बसून विचार केला असता तर मला सुचली नसती. ती सुचली कारण एका गाणाऱ्या बाईला वरच्या सुरावर 'आ' हवा होता. यशवंत देवांनी 'शब्दप्रधान गायकी' हा शब्दप्रयोग मराठीत रुजवला तो गाणाऱ्याने शब्दाला जपावे या अर्थाने. त्याची दुसरी बाजू, म्हणजे शब्द लिहिणाऱ्याने गळ्याला जपावे, ही मला त्या गुरुवारी कळली.

मराठीच्या उच्चारातला एक पेच मात्र अजून माझा नीट सुटलेला नाही. आपण 'अजून' लिहितो तीन अक्षरे, अभंगही ती तीनच मोजतो, पण बोलताना शेवटचा 'न' पायमोडका असतो आणि कानाला दोनच ठोके लागतात. 'घर', 'मन', 'पाऊस', 'थांबून' सगळ्यांची हीच गत. गाताना त्या शेवटच्या अक्षराचे काय करायचे? पूर्ण म्हटले तर 'अजूनऽ' असे जुन्या धाटणीचे वाटते, भजनात ते शोभते; पण आजच्या बोलण्यातल्या गाण्यात तेच कृत्रिम होते. बाई 'जू' लांबवतात आणि 'न' अगदी शेवटी ओठी टेकवल्यासारखा सोडतात, त्यामुळे वाट पाहणे त्या 'जू'मध्ये येते. दादांना ते पटत नाही. "पाच अक्षरांत अभंग होत नसतो," असे ते म्हणतात, आणि हिशेबाने ते बरोबर आहेत.

नवशिक्या गीतकाराच्या शब्दसंग्रहाविषयी एक कबुली इथेच देऊन टाकते. प्राजक्त, सांजवेळ, चांदणे, मनपाखरू आणि हुरहुर या पाच वस्तू मी माझ्या डायऱ्यांतून वीस वर्षे उधारीवर वापरल्या. माझ्या घराजवळ प्राजक्ताचे झाड नाही. फाटा मात्र आहे, तिथे पंक्चरचे दुकान आहे, आणि दुकानाच्या बाकड्यावर बसून मी खरोखरच गाड्यांची वाट पाहिलेली आहे.

चालीवर लिहिण्याचा माझा दुसरा प्रयोग फसला, तो थोडक्यात सांगते. अण्णांनी मोबाइलवर एक नवी चाल गाऊन पाठवली. शब्द नव्हते म्हणून त्यांनी त्या वेळी समोर जे होते तेच घातले: 'साखर संपली, चहा कसा करू.' चाल करुण होती, विराण्यांसारखी. मी तिच्यावर विरहाची सात कडवी लिहिली, प्रत्येक कडवे वजनाला बरोबर होते, आणि तरी मंडळात कोणीही ते गाऊ लागले की पहिल्या ओळीला साखरच संपत असे. तात्पुरते ठेवलेले शब्द काय करतात हे मला तेव्हा कळले. ते चालीच्या अंगाला चिकटतात, आणि नंतर आलेल्या शब्दाला भाडेकरूसारखे राहावे लागते. ती चाल आम्ही सोडून दिली. कोजागरीला दूध आटवताना मात्र मंडळी ती अजूनही म्हणतात, साखरेसकट.

'मुक्कामाची गाडी' पाच कडव्यांची झाली आणि गावच्या सप्ताहात, कीर्तनानंतरच्या मोकळ्या वेळात, बाईंनी ती गायली. सूत्रसंचालकाने गायिकेचे नाव घेतले, पेटीचे, मृदंगाचे, टाळाचे, मंडप देणाऱ्याचे आणि महाप्रसाद देणाऱ्याचेही घेतले. गीत कोणाचे हे सांगायचे त्याला सुचले नाही आणि सांगायला जाण्याचे मला धाडस झाले नाही. पुढे कोणी तरी केलेले त्याचे चित्रीकरण इंटरनेटवर फिरू लागले. खाली लिहिले होते, 'गीत: पारंपरिक'. मी दोन दिवस धुमसत होते. तिसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, "अगं, पारंपरिक व्हायला लोकांना तीनशे वर्षं लागतात, तुला तीन महिने लागले." यात समाधान मानावे की नाही हे मला अजून ठरवता आलेले नाही. पण त्या रागाच्या भरात मी कायदा वाचून काढला, आणि नव्याने लिहू लागलेल्यांनी तो वाचावा असे मनापासून वाटते. गीत लिहून झाले की त्यावरचा हक्क आपोआप लिहिणाऱ्याचा होतो, नोंदणी केली नसली तरी; आणि १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार तो लिहिणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. २०१२ सालच्या दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पक्की केली: चित्रपटगृहाबाहेर गाणे वापरले गेले की त्या मानधनातला गीतकाराचा वाटा कोणी करारात सही घेऊन काढून घेऊ शकत नाही. माझ्या गाण्याला मानधन म्हणून एक नारळ आणि शाल मिळाली होती, त्यामुळे वाट्याचा प्रश्न उद्भवला नाही. तरीही आता प्रत्येक कागदाच्या तळाशी मी नाव आणि तारीख घालते.

गेल्या कार्तिकात मी एका नातलगांकडे, घाटावरच्या आडगावी, एका बारशाला गेले होते. पाळणे म्हणून झाले, आणि कोणाच्या तरी आग्रहावरून तिथल्या एका वयस्क बाईंनी 'गाडी मुक्कामाची' सुरू केले. त्यांनी ते कुठून ऐकले होते कोण जाणे. माझा त्या घरात गीतकार म्हणून काही परिचय नव्हता, मी पाळण्याच्या दोरीपाशी बसून ऐकत होते. चाल थोडी बदललेली होती, तिसरे कडवे गळाले होते, 'अजून'चा 'न' त्यांनी दादांना आवडेल तसा पूर्ण म्हटला. आणि चौथ्या चरणात 'फाट्यापाशी' आलेच नाही. त्या म्हणाल्या, 'उभी मी थांबून, पारापाशी'.

गाणे संपल्यावर मी न राहवून विचारले, फाटा नव्हता का त्यात? त्या म्हणाल्या, "आमच्या गावाला फाटा कुठाय? गाडी पाराशीच थांबायची. मी तिथंच उभी राहायचे."

'पारापाशी.' चार अक्षरे, चारही गुरू, आणि सुरुवातीलाच 'आ'. घरी आल्यावर मी वही उघडली आणि 'फाट्यापाशी'च्या खाली पेन्सिलीने तो शब्द लिहून ठेवला. शाईने कोणता ठेवायचा हे पुढच्या गुरुवारी बाईंना दोन्ही गायला लावून ठरवू, असे अण्णा म्हणाले होते. पण त्या गुरुवारी दादांना ताप होता आणि मृदंगाशिवाय मंडळ बसले नाही.